सामासिक अंतरात सूट: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

घर बांधायला निघालेल्या माणसाला दोघे जण सल्ला देतात. वास्तुवाला म्हणतो, स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं आणि ते भिंतीपर्यंत हवं. नियमावली म्हणते, त्याच बाजूला जागा मोकळी सोडा; या मोकळ्या जागेलाच सामासिक अंतर म्हणतात. दोघांचंही एकाच वेळी ऐकता येईल असा प्लॉट महाराष्ट्रात अजून कुणी पाडलेला नाही. घरातली मंडळी वास्तुवाल्याच्या बाजूने जातात, तुम्ही नियमावलीच्या बाजूने एकटे उरता, आणि तुमचा आर्किटेक्ट नकाशाची गुंडाळी करत शांतपणे म्हणतो, ‘‘काळजी नको सर, हार्डशिपमध्ये टाकू.’’

हार्डशिपमध्ये टाकणे म्हणजे काय, ते कसे टाकतात आणि टाकल्यावर ते वर का येत नाही, हे सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका. ज्यांच्या प्लॉटमध्ये नियमाला हवी तेवढी जागा बसत नाही आणि नियम झुगारण्याइतकी ओळखही नाही, अशा मधल्या माणसांसाठी ती आहे.

चाळीस एकरवाल्यांनी इथे वेळ घालवू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये त्यांच्यासाठी कलम ३७ आहे. त्याखाली आख्ख्या विकास आराखड्यातच फेरबदल करता येतो. राजपत्रात सूचना निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, शासन मंजुरी देतं आणि काल शेती विभागात असलेली जमीन आज रहिवास विभागात येते. वर्तमानपत्रात त्याला ‘किरकोळ फेरबदल’ म्हणतात. तुमच्या सामासिक अंतरात कमी पडणारे तीस सेंटिमीटर मात्र किरकोळ नाहीत. ते गंभीर प्रकरण आहे.

पायरी पहिली: आपण नेमके कुठे राहतो ते शोधा

पत्ता सांगू नका, तो टपाल खात्यासाठी असतो. नगररचना विभागाला हवा आहे झोन दाखला, भाग नकाशा आणि मोजणीची क प्रत. या तीन कागदांवर तुमचा प्लॉट तीन वेगवेगळ्या आकारांचा दिसला तर घाबरू नका, तसा तो बहुतेकांचा दिसतो. सातबाऱ्यावर क्षेत्र वाडवडिलांच्या अंदाजाने उतरलेलं असतं, कंपाउंड शेजाऱ्याच्या अंदाजाने घातलेलं असतं आणि मोजणीदार येतो तो यंत्र घेऊन. यंत्राला नातेसंबंध कळत नाहीत.

मग आपल्याला कोणतं पुस्तक लागू आहे ते पाहा. पूर्वी प्रत्येक शहराची आपापली विकास नियंत्रण नियमावली असे आणि एका गावचा आर्किटेक्ट दुसऱ्या गावात अडाणी ठरे. २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने राज्यासाठी एकत्रिकृत नियमावली मंजूर केली. तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात आणि तुम्हीही तसंच म्हणा. पूर्ण नाव घेतलंत तर खिडकीपलीकडचा माणूस तुम्हाला पत्रकार समजेल. बृहन्मुंबई, एमआयडीसी, नैना, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं आणि लोणावळा यांना ती लागू नाही. तेव्हा चिक्की घ्यायला थांबलात तर तिथल्या भिंतींची अंतरं मोजून स्वतःला त्रास करून घेऊ नका.

मुंबईकरांचं सगळंच वेगळं. त्यांची नियमावली वेगळी, तिकडे सवलतीला ‘कन्सेशन’ म्हणतात, आणि १८८८ च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ३४६ नुसार बांधकामाला होकार येतो तोच नापसंती कळवणाऱ्या पत्राच्या रूपात. त्या पत्राला आयओडी म्हणतात, आणि ती मिळाली म्हणून तिथे पेढे वाटतात.

तुमचा प्लॉट आराखड्यात दाट वस्तीच्या रेघेच्या आत असेल तर सामासिक अंतराचे नियम बरेच सैल आहेत आणि कदाचित तुम्हाला अर्जच करावा लागणार नाही. रेघेच्या पलीकडे असाल तर ती रेघ कोणी आणि कशावरून काढली, असा प्रश्न मनात येईल. तो मनातच ठेवा. रेघेवर असाल तर पुढच्या पायऱ्या दोनदा वाचा.

एक भाबडा समज इथेच काढून टाकतो. कुणीतरी तुम्हाला सांगेल की दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आता परवानगीच लागत नाही. कुणी सांगेल की साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर कायद्याने परवानगी मिळाली असं धरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही नियमात तंतोतंत बसणाऱ्यांसाठी आहेत. कलम ४५ मधल्या त्या साठ दिवसांच्या सवलतीला जोडूनच अट आहे की बांधकाम नियमावलीनुसारच हवं. तुम्ही तर नियमातून सूट मागायला निघालात. तुमच्या बाबतीत मौन हे मौनच असतं, संमती नव्हे.

पायरी दुसरी: ज्या नियमातून सूट हवी तो नियम का आहे ते वाचा

ही पायरी सगळे गाळतात. मी गाळू देणार नाही, कारण पुढे अर्ज लिहिताना हीच उपयोगी पडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्मं शहर गावाकडे पळालं. रोग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा पक्कं झालं नव्हतं. डोळ्यांना दिसत होत्या त्या चाळी: एकमेकींना चिकटलेल्या, मधल्या बोळात दिवसाही काळोख, आतल्या खोलीला खिडकी असली तर ती समोरच्या भिंतीवर उघडणारी. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने हवा-उजेडाचं गणित मांडायला सुरुवात केली.

त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढा. तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर लक्षात येईल की याचा अर्थ साधा आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. म्हणजे तळमजल्यावर निजलेल्या माणसालाही आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. तो देशातला पहिला. उंची वाढली की बाजूची जागाही वाढवा, असं आजची नियमावली सांगते तेव्हा त्यामागे ऑरसाहेबांची ती तिरकी रेघ असते.

आता तुमच्या नकाशातल्या तीस सेंटिमीटरकडे पाहा. त्याला ‘वाया जाणारी जागा’ म्हणायची सवय सोडा. ती जागा वायाच जाण्यासाठी ठेवलेली आहे. तिथे टाकी, जनरेटर, चपलांचा स्टँड, तुळशीमागचा भंगाराचा ढीग किंवा धाकट्या भावाची मोटारसायकल येणं अपेक्षित नाही. महाराष्ट्रातल्या सामासिक अंतरांत हे सगळं सापडतं, फक्त अंतर सापडत नाही.

पायरी तिसरी: अडचण शोधा

नियमावलीत एक छोटासा परिच्छेद आहे, आणि आपला सगळा खेळ त्याच्यावर चालतो. आशय असा की एखाद्या विशिष्ट प्रकरणात स्पष्टपणे दाखवून देता येईल अशी अडचण (हीच ती हार्डशिप) असेल तर नियमातली मोजमापं सैल करता येतात. चटईक्षेत्राला, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल त्या मर्यादेला, सहसा हात लावायचा नाही. आणि त्या सवलतीने त्या इमारतीत राहणाऱ्यांचं व आजूबाजूच्यांचं आरोग्य, आगीपासूनची सुरक्षितता, इमारतीची मजबुती, सार्वजनिक सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये.

नवशिका इथे हमखास घसरतो. त्याला वाटतं अडचण म्हणजे त्याची अडचण. मग अर्जात मुलीचं लग्न येतं, गृहकर्जाचा हप्ता येतो, वडिलांचं शेवटचं स्वप्न येतं आणि ‘तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं वाक्य येतं, ज्याला व्याकरणही सहानुभूती दाखवत नाही. साहेब सहृदय असतील, त्यांना डोळ्यांत पाणीही येईल. पण अडचण हवी आहे जमिनीची. कोण त्रिकोणी प्लॉटवर अडकलाय, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. प्लॉट त्रिकोणी आहे ना, एवढंच तो बघतो.

तेव्हा पुढच्या गोष्टी चालतात. पूर्वी मंजूर झालेल्या अभिन्यासातच प्लॉट अरुंद पाडलेला असणे. रस्तारुंदीत पुढची पट्टी गेल्यामुळे खोली उरलेली नसणे. मधून नाला जाणे. बाजू तिरकी असल्यामुळे एका कोपऱ्यात अंतर पुरेसं आणि दुसऱ्या कोपऱ्यात कमी पडणे. तोडता न येणारा जुना वृक्ष. आधीची इमारत नियमाच्या आधीची असणे आणि आता तिला बाहेरून लिफ्ट लावायची असणे. ही शेवटची अडचण सगळ्यांत गुणी. वरच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे ही खरं तर माणसाची अडचण, पण जिन्याचा जुनेपणा ही इमारतीची, आणि चांगला आर्किटेक्ट गुडघ्यांना जिन्यात बसवून दाखवतो.

चालत नाहीत त्या गोष्टी: ‘शेजाऱ्याने पण केलंय.’ हे खरं असतं, फोटोसकट खरं असतं, आणि तरी चालत नाही. शेजाऱ्याचं बेकायदा बांधकाम हे तुमच्या अर्जाचं समर्थन ठरत नाही, त्याच्याविरुद्धची तक्रार ठरतं, आणि ती तुमच्या सहीने दाखल झालेली असते. हा मुद्दा अर्जातून काढा. काढल्यावरही आर्किटेक्टला बोलून दाखवायचा मोह होईल, त्याला हरकत नाही.

राहिला वास्तुशास्त्राचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या हार्डशिपच्या अर्जांमागे खरं कारण किती वेळा आग्नेय दिशा असते, याची कुणी नोंद ठेवत नाही आणि ठेवूही नये. अर्जात फक्त लिहा: ‘भूखंडाच्या आकारामुळे अंतर्गत नियोजनास मर्यादा.’ देवाला कळतं.

पायरी चौथी: कागद

अर्ज, मालकीचे कागद, मोजणी, नकाशे, अभियंत्याचं मजबुतीचं प्रमाणपत्र, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र. यांतलं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. ही माहिती तुम्ही खिडकीवर आत्मविश्वासाने सांगाल. खिडकीपलीकडचे भाऊ तितक्याच आत्मविश्वासाने ‘स्टॅम्पपेपरवर आणा’ म्हणतील. इथे दोन रस्ते फुटतात. शासन निर्णयाची प्रत काढून, तिच्यातली ओळ पिवळ्या शाईने रंगवून, वरिष्ठांपर्यंत जाऊन तुम्ही हा मुद्दा जिंकू शकता. किंवा स्टॅम्पपेपर आणू शकता. पहिल्या रस्त्याने गेलेले लोक नागरिक म्हणून थोर असतात. त्यांची घरं मागाहून होतात.

नकाशात कमी पडणारी जागा वेगळ्या रंगात दाखवायला सांगा आणि ती लपवू नका. काही हुशार लोक भिंतीची जाडी कमी दाखवून अंतर भरून काढतात. कागदावर भिंत चार इंचांची होते आणि प्रत्यक्षात तिच्यावर दोन मजले उभे राहायचे असतात. सूट मागायला आलोय हे एकदा मान्य केलं की चोरी करायची गरज उरत नाही. या सगळ्या व्यवहारातला हा एकच निवांत क्षण, तो भोगून घ्या.

पुन्हा पायरी पहिली

त्रुटी पत्र आलं आहे. मोजणीची प्रत जुनी आहे, नवी आणा. मधल्या काळात फाईल ‘वर’ गेलेली असते. ती वर असताना साहेब साइटला असतात. साहेब टेबलावर असतात तेव्हा ती खाली आलेली असते. अर्ज आता ऑनलाइन असल्यामुळे हे सगळं घरबसल्या, मोबाइलवर पाहता येतं, ही सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही.

उपपायरी: फुलांच्या कुंड्यांची गोष्ट

सवलत लहान असते तोवर ती सवलत. हे समजून घ्यायला मुंबईचा एक जुना धडा पुरेसा आहे.

मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीखाली काही गोष्टी चटईक्षेत्रात मोजल्या जात नसत. त्यात फुलझाडांसाठी खिडकीबाहेर काढायचा सज्जा होता, ज्याला ‘फ्लॉवर बेड’ म्हणतात. डक्ट होते, कोनाडे होते, दर्शनी सजावट होती. फुलझाडं कुणाला नकोत? मग शहरात एकाएकी फुलांचा शौक वाढला. नकाशावर प्रत्येक खोलीबाहेर एकेक बाग आली. ताबा मिळाला की मधली बुटकी भिंत पाडायची, फरशी एकसमान करायची, आणि बाग दिवाणखान्यात आत घ्यायची. बिल्डर त्या बागेचे चौरस फूट खोलीच्या भावाने विकत होते. कन्सेशन देण्या-न देण्याचा अधिकार वरच्या टेबलावर, आणि त्या अधिकाराभोवती काय काय उगवलं ते सांगायला नको. गुलाब तर नक्कीच नव्हते.

जानेवारी २०१२ मध्ये, सुबोध कुमार महापालिका आयुक्त असताना, नियम बदलला. कुंड्या, डक्ट, कोनाडे सगळं चटईक्षेत्रात धरायचं. त्या बदल्यात अधिमूल्य (प्रीमियम) भरून निवासी इमारतीला ३५ टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी इमारतीला २० टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा चटईक्षेत्र घ्यायचं. सवलत होती ती दरपत्रक झाली. मला विचाराल तर हा बदल बरा होता. ज्याची किंमत भिंतीवर लिहिली आहे ते निदान सगळ्यांना एकाच भावात मिळतं. पण एक गोष्ट त्यात कायमची ठरून गेली: मोकळी जागा सोडणं हे कर्तव्य राहिलं नाही, पैसे भरून टाळता येण्याजोगा खर्च झाला.

पायरी पाचवी: आधी अर्ज की आधी घर?

सगळे अनुभवी लोक हा प्रश्न हलक्या आवाजात विचारतात. मी मोठ्याने उत्तर देतो.

नियमाप्रमाणे आधी अर्ज. विनापरवाना बांधकामाला कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. हे पाच हजार रुपये पाहून बिल्डर ज्या नजरेने एकमेकांकडे बघतात, ती नजर शब्दांत सांगता येत नाही. कलम ५३ ची नोटीस येते, पण कुणी स्थगिती आणतं, कुणी टिकवून ठेवण्यासाठी अर्ज करतं, आणि दरम्यान घरात पाळणा हलतो.

मग तारखा येतात. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांचा, कायदा २००१ मध्ये आला तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची होती. २०२१ मध्ये तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. मधे २०१७ मध्ये अधिनियमात कलम ५२अ आलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामं प्रशमन शुल्क घेऊन नियमित करायची सोय झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर वर्षानुवर्षं शास्तीकर लावला, त्याच्या थकबाकीवर निवडणुका लढवल्या गेल्या आणि २०२३ मध्ये ती माफ झाली. ज्यांनी निमूटपणे भरला होता त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचा.

या तारखांमागे केवळ लबाडी नाही, हेही सांगायला हवं. गुंठा-दोन गुंठे घेऊन पत्र्याखाली राहणारा कामगार नगररचनेच्या नकाशात कधी धरलाच नव्हता. शहराने त्याला कामावर घेतलं आणि घर कुठे बांधायचं ते सांगितलं नाही. त्याच्यासाठी तारीख पुढे सरकली तर मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्याच्या पाठीमागून त्याच दारातून सहा मजली इमारत आत शिरते.

तेव्हा आधी बांधून मग तारखेची वाट पाहण्याची पद्धत लोकप्रिय का आहे, हे कळतं. पण तारीख तुमच्यासाठी सरकेलच असं नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारातल्या रहिवाशांनी पंचवीसेक वर्षं मंजुरीपलीकडच्या मजल्यांवर संसार केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. मजले बिल्डरने चढवले होते, घर सोडायची वेळ राहणाऱ्यांवर आली.

म्हणून: आधी अर्ज. मूर्खासारखं वाटेल. दोन गल्ल्या पलीकडे स्लॅब पडत असताना तुम्ही टोकन घेऊन बाकावर बसलेले असाल, आणि येणारा-जाणारा विचारेल, ‘‘अहो, एवढ्याशासाठी अर्ज?’’

पायरी सहावी: पैसे

सवलत मंजूर होण्याच्या वाटेवर आली की अधिमूल्य भरायला सांगतात. त्याचा हिशेब कमी पडणाऱ्या क्षेत्रावर आणि रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दरावर होतो. समजा तीस सेंटिमीटर कमी आहेत आणि बाजू बारा मीटर लांब आहे. ०.३० गुणिले १२ म्हणजे ३.६ चौरस मीटर, जेमतेम एकोणचाळीस चौरस फूट. एवढ्या जागेत एक पलंग आणि त्याच्याभोवती वळसा घालण्यापुरती वाट बसते.

आता इथे दोन मिनिटं थांबा. हे एकोणचाळीस चौरस फूट कोणाचे होते? जमीन तुमची, कबूल. पण त्यांच्यावरची हवा आणि त्यांच्यातून तिरका जाणारा उजेड शेजारच्या काकांच्या माजघरात जात होता. नुकसान काकांचं, फायदा तुमचा आणि पैसे महापालिकेला. काकांना यातलं काहीही मिळत नाही. बहुतेकदा बातमीही मिळत नाही. त्यांना पहिली बातमी लागते ती सेंट्रिंगचे बांबू त्यांच्या खिडकीसमोर उभे राहतात तेव्हा.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हाच प्रकार वेगळ्या रीतीने चालतो. टोरांटो-ब्रॅम्प्टनकडे घर घेतलेला एखादा भाचा किंवा पुतण्या प्रत्येक कुटुंबात असतो, त्याला विचारा. मागच्या अंगणात खोली वाढवायची असेल आणि मोजमाप थोडं चुकत असेल तर त्याला एका समितीपुढे जावं लागतं. साठ मीटरच्या आतल्या घरमालकांना नोटीस जाते, जागेवर पाटी लागते आणि ठरल्या दिवशी उघड सुनावणी होते. शेजारी येऊन म्हणू शकतो, माझ्या परसात सावली पडेल. समिती चार कसोट्या लावते: बदल किरकोळ आहे का, त्या जागेच्या योग्य विकासासाठी इष्ट आहे का, उपविधीचा हेतू राखला जातो का आणि शहराच्या मुख्य आराखड्याचा हेतू राखला जातो का. भाचा कुरकुरतो, ‘‘मामा, एका खोलीसाठी अख्ख्या गल्लीसमोर उभं केलं.’’ त्याच्या कुरकुरीत मला तथ्य वाटत नाही. कलम ३७ खाली चाळीस एकरवाल्यांसाठी आपण हरकती मागवतोच. तीस सेंटिमीटरवाल्याच्या शेजाऱ्याला तेवढा मान द्यायला काय हरकत होती?

आपल्याकडे ती सोय नसेल तर ती स्वतः करा. अर्ज देण्याआधी नकाशा घेऊन काकांकडे जा. काकूंच्या हातचा चहा प्या आणि सांगा की बाजूला एवढं कमी पडतंय. काका नाही म्हणतील. मग जिन्याची खिडकी त्यांच्या न्हाणीघरासमोर उघडणार नाही असं कबूल करा, पावसाचं पाणी त्यांच्याकडे उतरणार नाही असं कबूल करा आणि ते नकाशावर तिथल्या तिथे लिहा. काका तरीही नाही म्हणतील, पण तक्रार करणार नाहीत. ना-हरकतीवर सही मिळाली तर उत्तम. नियमात ती मागितलेली नसली तरी जोडा. फाईलमधला तो एकच कागद असेल जो कुणी माणसाने माणसाला लिहून दिलाय.

पायरी सातवी: मंजुरीनंतर

नामंजुरी आली तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. ते करायचं की स्वयंपाकघर तीस सेंटिमीटर आत घ्यायचं, हा निर्णय आग्नेयेला न विचारता घ्या.

मंजुरी आली तर पत्र अटींसकट वाचा. शेवटच्या अटींमधे काहीतरी असतंच: झाडं लावा, पावसाचं पाणी मुरवा, बाजूची जागा कायम मोकळी ठेवा. त्या पत्राच्या चार प्रती काढा. एक आर्किटेक्टला, एक बँकेला, एक देवघराच्या कपाटात. चौथी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गवंड्याला द्या आणि त्याच्यासमोर उभं राहून समजावून सांगा, कारण जोते झाल्यावर तपासणीला कनिष्ठ अभियंता टेप घेऊन येणार आहे आणि सूट मिळाली आहे तीस सेंटिमीटरची. त्याला विचारा, मिस्त्री, हे माप विटेपासून की गिलाव्यापासून? तो ‘‘दोन्ही एकच की साहेब’’ म्हणाला तर काम थांबवा. गिलावा, त्यावर बाहेरची टाइल आणि टाइलखालचा मसाला मिळून दीड-दोन इंच सहज जातात, आणि त्या दोन इंचांसाठी पुन्हा पायरी पहिलीपासून सुरुवात करावी लागते.